रोहिणीचे पाणी आणि शांततेचे बहुमत

वैशाखी पौर्णिमेच्या सभेत शेवटचा ठराव बहुधा जागतिक शांततेचा असतो. अध्यक्ष तो वाचून दाखवितात, सभा टाळ्यांच्या गजरात तो संमत करते आणि वंदना होऊन सर्वजण घरी जातात. त्या ठरावास कोणी विरोध करीत नाही. ज्या ठरावास एकही विरोधक नाही, त्याने कोणाचे मत बदलले, असा प्रश्न मात्र विचारला जात नाही. आंतरराष्ट्रीय शांतता-प्रयत्नांना पाठिंबा उभा करणे म्हणजे काय, हे पाहताना प्रथम आपल्या या सवयीकडे पाहणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखात रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग अट्ठकथेत आणि बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कसा आला आहे, याची तुलना केली आहे. आणि त्या तुलनेतून निघणारा निकष आपल्या काळातील दोन प्रयत्नांना लावून पाहिला आहे.

अट्ठकथेतील रोहिणी

शाक्य व कोलिय यांच्यामधील कलहाची कथा धम्मपदट्ठकथेत सुखवग्गाच्या आरंभीच्या तीन गाथांच्या निमित्ताने आली आहे. कुणालजातकाच्या अट्ठकथेत तीच अधिक विस्ताराने सांगितली आहे. ज्येष्ठ महिना आहे, पिके माना टाकीत आहेत आणि एकाच बंधाऱ्याच्या पाण्यावर दोन्ही तीरांची शेती अवलंबून आहे. पाणी दोघांना पुरणारे नाही. आमचे पीक एका पाण्यात निघेल, तेव्हा पाणी आम्हास द्या, असे दोन्ही बाजूंचे दास व कर्मकर म्हणतात. शब्दाने शब्द वाढतो, हाणामारी होते, एकमेकांची कुळे काढली जातात. बातमी अमात्यांकडे जाते, अमात्यांकडून राजकुळांकडे, आणि अखेरीस दोन्ही सैन्ये नदीकाठी उभी राहतात.

भगवंत तेथे येतात आणि कलह कशासाठी आहे असे विचारतात. राजांना ते ठाऊक नसते. उपराजाला विचारावे लागते, सेनापतीला विचारावे लागते. असे विचारीत विचारीत शेवटी दास-कर्मकरांपाशी उत्तर मिळते, की भांडण पाण्याचे आहे. अट्ठकथाकाराने हा तपशील सहज म्हणून दिला असेल, परंतु त्याचे मोल मोठे आहे. जे मारण्यास व मरण्यास सिद्ध झाले होते, त्यांना युद्धाचे कारण माहीत नव्हते. ते माहीत होते केवळ चिखलात उभे राहून पाट बांधणाऱ्यांना.

पुढे भगवंत पाण्याचे मोल आणि क्षत्रियांचे मोल यांची तुलना करून दाखवितात. शस्त्रे खाली पडतात, जातके सांगितली जातात, अत्तदण्डसुत्ताचा उपदेश होतो आणि प्रत्येक बाजूचे अडीचशे कुमार संघात प्रवेश करतात. येथे कथा संपते. चिकित्सक वाचकाने येथे थांबून दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला असा, की पाण्याचे काय झाले? ते कोणी, कोणत्या पाळीने, किती घ्यावयाचे, याविषयी अट्ठकथा एक अक्षरही बोलत नाही. दुसरा असा, की मोल क्षत्रियांचे सांगितले. ज्यांची डोकी प्रथम फुटली त्या दासांचे मोल कोणी केले? अट्ठकथेतील शांतता ही एका महापुरुषाच्या उपस्थितीने घडून आलेली शांतता आहे. पुढच्या ज्येष्ठ महिन्यात ती कशी टिकली असेल, हे सांगण्याचे साधन अट्ठकथाकाराजवळ नाही.

बाबासाहेबांची मांडणी

या प्रसंगाचा संबंध सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी जोडण्याचे काम मराठीत आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी केले. अत्तदण्डसुत्त हे सुत्तनिपातातील अट्ठकवग्गाचे पंधरावे सुत्त आहे. हाती शस्त्र घेतल्यानेच भय उत्पन्न होते असे त्यात म्हटले आहे आणि आटत्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारी माणसे पाहून आपणास जो संवेग झाला, त्याचे प्रथमपुरुषी वर्णन आहे. ते भगवंतांचे आत्मकथन मानून, गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी व प्रेत यांच्या दर्शनात न शोधता या कलहात शोधावे, असे कोसंबींनी प्रतिपादिले. बाबासाहेबांनी हीच वाट पुढे नेली; पण तिला दिलेले वळण सर्वस्वी त्यांचे आहे.

त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ हा शाक्य संघाचा आठ वर्षांचा सभासद आहे. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ त्यास विरोध करतो आणि नुसता विरोध करून थांबत नाही. आपण आपली दोन माणसे निवडावी, कोलियांनी त्यांची दोन निवडावी, या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, अशी सूचना तो मांडतो. मतदान होते आणि सूचना प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो. सिद्धार्थ सैन्यात जाण्यास नकार देतो. तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकण्याची आणि त्याची जमीन जप्त करण्याची भाषा सुरू होते. बहिष्कार म्हणजे काय, हे ज्या लेखकाला व ज्या वाचकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही, त्यांच्यासाठी लिहिलेली ही ओळ आहे. आपल्यामुळे कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून सिद्धार्थ परिव्रज्या पत्करतो.

पाली वाङ्मयात हे मतदान नाही, हा बहिष्कार नाही, ही हद्दपारीची निवडही नाही, हे पालीच्या अभ्यासकाने स्वच्छपणे सांगितले पाहिजे. ते लपविण्याने बाबासाहेबांचा गौरव होत नाही. परंतु मतदान आणि पंचमंडळ यांची कल्पना त्यांनी परक्या ठिकाणाहून उसनी आणली, असे म्हणणेही बरोबर नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात तंटे मिटविण्याचे सात प्रकार सांगितले आहेत. दोन्ही पक्ष समोरासमोर असताना निर्णय करणे, शलाका वाटून बहुमत घेणे, सभेत कोलाहल माजल्यास निवडक भिक्खूंच्या मंडळाकडे प्रश्न सोपविणे, या सर्वांची तेथे व्यवस्था आहे. शेवटच्या पद्धतीला उब्बाहिका म्हणतात. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार भिक्खूंची अशीच उब्बाहिका नेमण्यात आली होती. बाबासाहेबांचे पंचमंडळ या उब्बाहिकेच्या जातीचे आहे. संघाने भिक्खूंसाठी घडविलेले साधन त्यांनी दोन राज्यांच्या तंट्यासाठी वापरून दाखविले, असे माझे मत आहे.

त्यांच्या मांडणीचा खरा कळस मात्र पुढे आहे. सिद्धार्थ राजगृहाजवळ असताना पाच परिव्राजक त्याला वार्ता देतात. तो गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध मोठी चळवळ झाली. स्त्रिया, पुरुष, मुलेमुली यांच्या मिरवणुका निघाल्या. संघाला फेरविचार करावा लागला. दोन्ही बाजूंचे दूत भेटले आणि रोहिणीच्या पाण्याच्या वाटणीविषयीचा प्रत्येक तंटा सोडविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमण्यात आले. अट्ठकथेने सोडून दिलेला पाण्याचा प्रश्न येथे उत्तर मिळवितो. शांतता येथे एका दर्शनाने येत नाही. ती एका पराभूत ठरावापासून सुरू होते, लोकांत जाते, बहुमत होऊन परत येते आणि संस्थेचे रूप घेते.

एक उणीव

या मांडणीत एक उणीव राहते, आणि ती सांगितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. बहुमत कसे बदलले? काल ज्या सभेने सिद्धार्थाला एकाकी पाडले, त्याच सभेला उद्या लोकांनी माघार घ्यावयास लावली. पण त्या दोन दिवसांच्या मधले श्रम ग्रंथात दिसत नाहीत. ते परिव्राजकांच्या तोंडून काही वाक्यांत उरकले जातात. कोणी घरोघर जाऊन समजावले? सेनापतीच्या पक्षातील पहिला माणूस कोणत्या युक्तिवादाने हलला? ज्यांची डोकी फुटली होती त्यांना मिरवणुकीत स्थान होते काय? ग्रंथाचा नायक त्या वेळी तेथे नाही, म्हणून लेखकाची दृष्टीही तेथे नाही, हे कलेच्या अंगाने समजण्यासारखे आहे. पण ज्यांना शांततेसाठी काम करावयाचे आहे त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हेच होते.

विनयात या प्रकरणाची एक छाया आढळते. महावग्गाच्या कोसम्बकक्खन्धकात भिक्खूंचे दोन पक्ष भांडत राहतात. प्रत्यक्ष भगवंतांनी समजावूनही ते ऐकत नाहीत आणि भगवंत तेथून निघून जातात. तंटा अखेर मिटतो तो उपासकांमुळे. या भिक्खूंना वंदन करावयाचे नाही, त्यांना भिक्षा द्यावयाची नाही, असे कोसंबीचे उपासक ठरवितात आणि पाळतात. त्यानंतर ते भिक्खू श्रावस्तीस भगवंतांकडे जाण्यास तयार होतात. जेथे शास्त्याचा उपदेश चालला नाही तेथे गृहस्थांची एकजूट चालली, हे नमूद करण्याचा प्रामाणिकपणा विनयधरांनी दाखविला आहे.

कंबोडियातील धम्मयात्रा

आता आपल्या काळाकडे वळू. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत कंबोडियातील भिक्खुसंघ जवळजवळ नामशेष झाला. त्यानंतरचे युद्ध थांबविण्यासाठी २३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस येथे शांतता करार झाला. करारावर सह्या चार गटांच्या पुढाऱ्यांनी व बाहेरच्या राष्ट्रांनी केल्या. थायलंडच्या सीमेवरील छावण्यांत असलेल्या साडेतीन लाखांहून अधिक निर्वासितांना त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. या करारास लोकांचा आधार मिळवून देण्याचे काम महाघोसानंद या भिक्खूंनी हाती घेतले. त्यांचे शिक्षण आपल्याकडील नालंदा येथे झाले होते आणि जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी यांच्याकडून शांतता-कार्याचे धडे त्यांनी घेतले होते. १९७८ पासून छावण्यांत जाऊन ते मेत्तसुत्ताच्या प्रती वाटीत आणि धम्मपदाच्या यमकवग्गातील वैरोपशमाची गाथा लोकांसमवेत म्हणत.

१९९२ मध्ये सीमेपासून नोम पेन्हपर्यंत पहिली धम्मयात्रा निघाली. दुसरी १९९३ च्या मे महिन्यातील निवडणुकीपूर्वी निघाली; संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील त्या निवडणुकीत सुमारे नव्वद टक्के मतदारांनी मतदान केले. भयाने घरात बसलेली माणसे रस्त्यावर येण्यास यात्रेने हातभार लावला, असे म्हणता येते. सर्व श्रेय तिचे, असे म्हणता येत नाही. १९९४ ची यात्रा सरकारी सैन्य व ख्मेर रूज यांच्या गोळीबारात सापडली आणि एक भिक्खू व एक उपासिका प्राणास मुकली.

आपल्याकडे महाघोसानंदांविषयी जे लिहिले जाते, त्यात मैत्रीच्या चमत्काराचा सूर असतो. ते पुन्हा अट्ठकथेकडे जाणे आहे. १९९४ च्या मृत्यूंनंतर यात्रेकरूंसाठी अहिंसेचे प्रशिक्षण सक्तीचे झाले आणि सशस्त्र माणसांना यात्रेपासून दूर ठेवण्याचा कटाक्ष राहिला, ही गोष्ट त्या लेखनात क्वचितच येते. यात्रा टिकली ती या शिस्तीमुळे. बाबासाहेबांच्या ग्रंथात जी दोन दिवसांच्या मधली जागा मोकळी राहिली, ती कशी भरावी लागते, हे येथे दिसते.

सुरुंगबंदीचा करार

१९९५ च्या धम्मयात्रेचा विषय भूसुरुंग हा होता, आणि त्याच वर्षी नोम पेन्ह येथे भूसुरुंगांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय चळवळ १९९२ मध्ये सहा संस्थांनी सुरू केली होती. एकमताशिवाय पुढे न जाणाऱ्या जुन्या वाटाघाटींतून पूर्ण बंदी निघेना, तेव्हा ऑक्टोबर १९९६ मध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी वर्षभरात करार करण्याचे आवाहन केले. ३ व ४ डिसेंबर १९९७ रोजी ओटावा येथे १२२ राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. १ मार्च १९९९ पासून तो अमलात आला. १९९७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक या चळवळीला व तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना मिळाले. ऑस्लो येथे चळवळीच्या वतीने ते स्वीकारण्यास चाकाच्या खुर्चीतून गेले ते तुन चन्नारेथ. सुरुंगाने दोन्ही पाय गमावलेले कंबोडियाचे माजी सैनिक.

अट्ठकथेत युद्धाचे कारण दासांना ठाऊक होते, पण निर्णयात त्यांना स्थान नव्हते. या चळवळीने तो क्रम उलटा केला. सुरुंगाचे शास्त्र सेनापतींना ठाऊक असते. सुरुंगाचे परिणाम भातखाचरात गुरे राखणाऱ्या मुलाला ठाऊक असतात. परिषदांत लष्करी तज्ज्ञांसमोर जखमी माणसे बोलू लागली, तेव्हा आवश्यक शस्त्र या शब्दाचा अर्थ बदलला. पाठिंबा उभा करणे याचा नेमका अर्थ येथे कळतो. आधीच अनुकूल असलेल्यांना एकत्र जमविणे हा त्याचा सोपा भाग. प्रतिकूल माणसाला उत्तर देणे अवघड व्हावे, अशा रीतीने प्रश्न त्याच्यासमोर ठेवणे, हा खरा भाग.

तरीही या यशाला मर्यादा आहेत. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आणि आपला भारत हे करारात सामील झाले नाहीत. थायलंडने १९९८ मध्ये व कंबोडियाने १९९९ मध्ये करार मान्य केला. श्रीलंका २०१७ मध्ये आली. म्यानमार बाहेरच राहिला. बुद्धवचनाचे पठण अधिक म्हणून करारही लवकर, असे प्रमाण काही आढळत नाही. २०२५ मध्ये तर एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड या राष्ट्रांनी, रशियाचे भय पुढे करून, करारातून बाहेर पडण्याची पावले उचलली. मिळालेले बहुमत राखावे लागते, हा धडा युरोपलाही चुकला नाही.

पुन्हा रोहिणी

त्याच वर्षी जुलै महिन्यात थायलंड आणि कंबोडिया यांच्यात पाच दिवस लढाई झाली. २८ जुलै रोजी मलेशियात युद्धविराम ठरला. डिसेंबरमध्ये पुन्हा तोफा धडाडल्या. दोन्ही बाजूंची मिळून लाखो माणसे घरे सोडून पळाली. लढाईच्या आधी सीमेवर थाई सैनिकांचे पाय सुरुंगाने तुटले. ते सुरुंग कंबोडियाने नव्याने पेरले, असा थायलंडचा आरोप; ते जुन्या युद्धातले, असा कंबोडियाचा इन्कार. दोन्ही राष्ट्रे थेरवादी, दोन्ही सुरुंगबंदी करारात सामील, दोन्हीकडे पहाटे तेच परित्तपाठ. आणि सीमातंट्याच्या केंद्रस्थानी असलेली प्राचीन मंदिरे मूळची शैव!

हा तंटा लवादाने सुटण्यासारखा नव्हता असे नाही. प्रेह विहेर मंदिराबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये निकाल दिला होता आणि २०१३ मध्ये त्याचा अर्थही स्पष्ट केला होता. २०२५ मध्ये कंबोडियाने उरलेले प्रश्न त्याच न्यायालयाकडे नेण्याची तयारी दाखविली. थायलंडने त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र आपणास मान्य नसल्याचे सांगितले. सिद्धार्थाच्या पंचमंडळाच्या सूचनेचे शाक्य संघात जे झाले, तेच येथे झाले. लवाद उपलब्ध होता, परंतु दोन्ही तीरांवर त्याच्यामागे बहुमत नव्हते. थायलंडमध्ये लवादाची बाजू घेणारा आणि कंबोडियात सुरुंगांच्या स्वतंत्र चौकशीची मागणी करणारा, दोघेही आपापल्या सभेत एकटे पडण्याचा संभव अधिक. अशा एकट्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे, हे बाहेरच्या बौद्धांचे काम आहे. दोन्ही राष्ट्रांनी शांतता राखावी, असे सांगणारा ठराव त्या माणसाच्या काहीच उपयोगी पडत नाही.

आपल्यापुरते

बाबासाहेबांच्या ग्रंथात शांततेची वार्ता ऐकूनही सिद्धार्थ घरी परतत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील कलह प्रासंगिक असतो, वर्गावर्गांतील कलह नित्याचा असतो, आणि जगाच्या दुःखाचे मूळ या दुसऱ्या कलहात आहे, असा विचार तो करतो. काही वाचक यातून, आपले काम जातिनिर्मूलनाचे, परराष्ट्रांच्या युद्धांशी आपणास काय, असा अर्थ काढतात. तो अर्थ ग्रंथाला धरून नाही. बाबासाहेब १९५० मध्ये कँडीस, १९५४ मध्ये रंगूनला आणि १९५६ मध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदांसाठी गेले. जगाकडे पाठ फिरविणाऱ्याचे हे वर्तन नव्हे. रोहिणीच्या काठी जे पहिल्यांदा भिडले ते दास-कर्मकरच होते. दोन्ही कलह एकाच पाटाच्या पाण्यावर उभे आहेत.

आणि पाण्याविषयीच्या ठरावाचे काय होते, हे आपणास कोणी सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तळे होते, ठराव होता. ओंजळ मात्र २० मार्च १९२७ पर्यंत भरली नाही. त्या दिवसासाठी गावोगाव सभा घ्याव्या लागल्या, वर्गणी गोळा करावी लागली, माणसे चालत आणावी लागली आणि परतीच्या वाटेवर मार खावा लागला. ठराव आणि ओंजळ यांच्यातले अंतर कापण्याचा अनुभव ज्या समाजाकडे आहे, त्याने जगाच्या शांततेसाठी नुसता ठराव करून थांबावे, हे विपरीत आहे.

म्हणून पुढील वैशाखी पौर्णिमेच्या सभेत शेवटचा ठराव वाचला जाण्यापूर्वी कोणीतरी उठून तीन प्रश्न विचारावेत. हा ठराव कोणत्या कराराच्या, कोणत्या लवादाच्या बाजूने आहे? ज्यांना इजा झाली त्यांचे म्हणणे आपण कोणाकडून ऐकले? भारताने सुरुंगबंदी करारात यावे, ही मागणी घेऊन आपल्यापैकी कोण आपल्या लोकप्रतिनिधीकडे जाणार आहे, आणि कोणत्या तारखेला? या प्रश्नांनी सभा लांबेल. कदाचित ठराव एकमताने संमत होणार नाही, मतदान घ्यावे लागेल, आणि प्रश्न विचारणारा एकटा पडेल. शाक्य संघातही पहिल्या दिवशी सिद्धार्थाची बाजू अल्पमतातच पडली होती.